मिनिटाला एकशेवीस शब्द

प्रिय एकशेवीस,

पाकिटावरचा पत्ता टाइप केलेला पाहूनच तू ओळखलं असशील. अजून मशीनवर पत्ते बडवणारी तुझ्या ओळखीत दुसरी कोण आहे? आतला मजकूर मात्र हाताने लिहितेय, कारण टाइप करताना माझी बोटं डोक्याला विचारत नाहीत आणि या पत्रात डोक्याला थोडं काम आहे. नऊ वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही. म्हणून आडवळणाने न जाता सांगून टाकते, आपलं बोलणं पुन्हा सुरू व्हायला हवं आहे. मला हवं आहे. नेमकं आजच का लिहायला बसले ते शेवटी येईल. माझी पद्धत तुला ठाऊक आहे, आधी धडा, मग परीक्षा. तोवर पत्र फाडू नकोस आणि उभ्याने वाचू नकोस, तुझे गुडघे काही आता विशीतले नाहीत.

आधी बातम्या. आपली टायपिंग इन्स्टिट्यूट मी तीन वर्षांपूर्वी बंद केली. शेवटच्या बॅचला चार जणी होत्या, त्यातल्या दोघी फक्त पंख्याखाली बसायला यायच्या. चौदा मशीनपैकी दोन ठेवली. बाकीची भंगारवाला उचलत होता तेव्हा मी आत जाऊन चहा करत बसले, आणि तो चहा प्यायलाच विसरले. खोली मात्र तशीच आहे. तीच चौदा टेबलं, भिंतीवर तोच बोटांचा रंगीत तक्ता, त्यातल्या करंगळीचा रंग उडालेला. मधली दोन वर्षं त्या खोलीत मी फक्त केर काढायला जायचे. आता दर शनिवारी दुपारी चार ते सात तिथे पाच माणसं आळीपाळीने माईकसमोर उभी राहून रॅप करतात आणि त्यांच्यासाठी बीट मी वाजवते. हे वाक्य तू पुन्हा वाचशील. मीही लिहून पुन्हा वाचलं. बरोबर आहे.

सगळं माझ्या भाचीमुळे झालं. शाळा सुटली की येऊन शेवटच्या टेबलाखाली झोपायची, तीच. आता मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते, दिवसभर लोकांना श्वास रोखायला आणि सोडायला सांगते. मागच्या हिवाळ्यात आली आणि म्हणाली, "मावशी, शनिवारची खोली दे. आम्हाला रॅप करायला जागा नाही." मी म्हटलं, ते हातवारे करत भांडतात तेच ना? म्हणाली, "तेच, पण यमकात." त्यांची तक्रार अशी होती की फोनवर तयार ठेके मिळतात, पण ते तयार कपड्यांसारखे असतात, कुणालाच नीट बसत नाहीत. बोलणाऱ्याला धाप लागली तरी ठेका आपला पुढे पळतो. त्यांना ठेका जागेवरच बनवायचा होता, समोरच्या माणसाचा श्वास बघून. त्यासाठी तिने एक सॉफ्टवेअर शोधलं होतं, ओपन सोर्स. मी विचारलं, कितीला पडलं? म्हणाली, फुकट. मी म्हटलं, मग यात काहीतरी गोम आहे. तेव्हा तिने मला तासभर समजावलं की कुणीतरी हौसेने ते बनवलंय, आतली सगळी कृती उघडी ठेवलीय, कुणीही बघावी, दुरुस्त करावी, पुढे द्यावी. मला ते पटायला वेळ लागला. आयुष्यभर आपण प्रश्नपत्रिका लाखेने बंद करून ठेवल्या.

तुझ्या हट्टाने घेतलेले सहा कॉम्प्युटर आठवतात? चादरीखाली झाकलेले होते. नवीन काहीही त्यांच्यावर चालत नाही म्हणून मी ते केव्हाच मोडीत काढले असते, पण भाचीने त्यांच्यात लिनक्स नावाची फुकट, हलकी यंत्रणा घातली आणि सहापैकी एक उठून बसला. पहिल्या शनिवारी मी ठरवून बाहेरच्या बाकावर बसले होते, कानात कापूस घालून, हातात स्वेटर विणायला. आतून ठेका यायचा, मग थांबायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "थांब, थांब, लिहितेय." पुन्हा ठेका, पुन्हा थांबा. अर्ध्या तासाने मला राहवेना. आत गेले तर काय, ते सॉफ्टवेअर टाइप करून चालवायचं असतं. ढोल कधी, टाळी कधी, किती वेगाने, हे सगळं ओळींत लिहायचं, बटण दाबायचं, की वाजतं. वाजत असतानाच ओळ बदलायची, की पुढच्या फेरीपासून ठेका बदलतो. आणि माझी भाची, माझ्या टेबलाखाली वाढलेली माझी सख्खी भाची, ते दोन बोटांनी टाइप करत होती. चार माणसं माईक धरून उभी आणि ही कोंबडीने दाणे टिपावेत तशी एकेक अक्षर शोधतेय. मी तिला फक्त एवढंच म्हटलं, "सरक."

ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. त्यातलं मला काही कळत नव्हतं, पण मजकूर कळल्याशिवाय बिनचूक टाइप करण्यात माझा हात कुणी धरला आहे? चाळीस सेकंदांत तिचा अख्खा ठेका पडद्यावर होता. बटण दाबलं आणि खिडकीची काच हलली. कोपऱ्यातला एक जाडजूड गृहस्थ, जो लिफ्ट दुरुस्त करतो आणि तोवर भिंतीकडे तोंड करून उभा होता, तो वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही उठू नका." मी उठले नाही. त्या दिवसापासून ती माझी खुर्ची आहे.

मग मी नीट शिकायचं ठरवलं. सकाळी सहा ते आठ, वही घेऊन. तुला गंमत वाटेल, पण हे आपल्याच धंद्यातलं आहे. वेग मिनिटावर मोजतात, फक्त शब्दांऐवजी ठोके. ऐंशी म्हणजे निवांत, शंभर म्हणजे बरा, त्यापुढे जीभ सांभाळावी लागते. प्रत्येक ठोक्यानंतर किती थांबायचं तेही लिहावं लागतं, त्याची आज्ञा आहे स्लीप. ती लिहायची विसरलात तर सॉफ्टवेअर रुसतं. म्हणतं, ही फेरी एकदाही विसावली नाही, मी ती बंद करतोय. मला पहिल्यांदा ते वाचून राग आला, कारण असं माझ्याशी तुझ्याखेरीज कुणी बोललेलं नाही.

जुळणी करताना मात्र नाकी नऊ आले. माईक कॉम्प्युटरला जोडला तर माणूस "मी" म्हणायचा आणि हेडफोनमध्ये त्याचा "मी" मागून उशिरा यायचा. अशाने धडधाकट माणूसही तोतरा होतो. आमच्यात एक सिस्टर आहे, हॉस्पिटलातली, तिने तर हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, "घरी सासूबाई माझं वाक्य पुन्हा म्हणतात तेवढं पुरे." भाचीने आत एक आकडा शोधला, तो लहान केला की आवाज वेळेवर यायचा पण तव्यावर पाणी पडल्यासारखा तडतडायचा, मोठा केला की तडतड जायची आणि उशीर परत यायचा. मी वही आखली, एकेक आकडा घातला, शेरा लिहिला. दोनशे छप्पन्नवर आमचा म्हातारा कॉम्प्युटर सुखी झाला. तरी स्पीकरमध्ये भुंग्यासारखी घूं होतीच. ती लिफ्टवाल्याने काढली. सगळ्या वायरी सोडवल्या, एकाच बोर्डावर लावल्या आणि म्हणाला, "वेगवेगळ्या भिंतींतून वीज घेतली की उपकरणं आपसात कुरकुरतात." घूं बंद झाली तेव्हा खोलीत अशी शांतता झाली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शांततेला.

आता ही माणसं काय बोलतात ते सांगते, कारण मी आधी तुझ्यासारखंच नाक मुरडलं होतं. सिस्टर तिच्या वॉर्डबद्दल बोलते: "सलाइन संपली, बेल वाजली, वही कुठे गेली? चारचा पेशंट विचारतो, सिस्टर, तुम्ही जेवली?" लिफ्टवाला दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांबद्दल बोलतो, की वरून सगळे ओरडतात आणि आत अडकलेले दोघं अनोळखी मात्र एकमेकांना घरची माणसं सांगू लागतात. एक पावभट्टीवाला आहे, तो फक्त तक्रारी करतो, पण काय सुरेल करतो. आणि एक बस चालवणारी बाई आहे. तिला आम्ही ड्रायव्हरबाई म्हणतो. गेली सतरा वर्षं ती एकाच मार्गावर बस चालवतेय आणि त्या मार्गावरचा प्रत्येक खड्डा तिच्या ओळीत येतो. "पुढे सरका, आत या, दार मला लावू द्या, आरसा माझा, रस्ता माझा, वळण मला घेऊ द्या." हे ती हात स्टिअरिंगवर असल्यासारखे धरून म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विणकाम खाली ठेवलं. मी त्यांचे उच्चार सुधारते, जोडाक्षरं खाऊ देत नाही, आणि ते मला ऐकू जाईल अशा बेताने "बीट मॅडम" म्हणतात. पूर्वी मुली मला फुटपट्टी म्हणायच्या आणि तुला एकशेवीस, आणि आपण दोघी ऐकलंच नाही असं दाखवायचो. मी आता दाखवत नाही. हाक मारली की ओ देते.

चौथ्या की पाचव्या शनिवारी मात्र मी घाण केली. ड्रायव्हरबाई त्या दिवशी अशा काही रंगात आल्या होत्या की सिस्टरच्या हातातला कप तसाच राहिला होता. त्या शाळेच्या स्टॉपवर रोज उभ्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्याबद्दल बोलत होत्या, जो बसमध्ये कधीच चढत नाही, फक्त हात हलवतो. नवीन ओळी होत्या, कुणी ऐकलेल्या नव्हत्या. आणि मला पडद्यावर दिसलं की मी एक टाळी चुकीच्या जागी टाइप केली आहे. अर्धा ठोका आधी. बस्स, माझा हात गेला आणि मी सगळं थांबवलं. विचार करून नव्हे. चूक दिसली की मशीन थांबवायचं, कागद ओढून काढायचा, नवा घालायचा, पस्तीस वर्षं हेच केलं. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. ड्रायव्हरबाईंचं तोंड उघडंच होतं. त्यांनी माईक स्टँडला लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, गाडी थांबवायची तर स्टॉपवर थांबवतात. रस्त्याच्या मध्ये नाही." आणि पर्स घेऊन गेल्या. भाची म्हणाली, "मावशी, ती टाळी आम्हाला आवडली होती. दुसऱ्यांदा आली असती तर ती चूक राहिलीच नसती." मी पडद्याकडे बघत बसले. तुला सांगायला नको की मला पडद्यावर काय दिसत होतं.

त्या परीक्षेची गोष्ट नऊ वर्षं मी सगळ्यांना एकाच तऱ्हेने सांगत आले. शॉर्टहँडची परीक्षा होती, बाहेरून परीक्षक आले होते, शंभर शब्दांच्या वेगाचा उतारा बरोबर पाच मिनिटांत संपायला हवा होता, तो वाचून सांगत होतीस तू, शेवटच्या मिनिटाला तू वेग सोडलास, मी हात वर करून डिक्टेशन थांबवलं, नियमच तसा होता. ऐकणारे मान डोलावतात. यात खोटं काही नाही, पण मी काय गाळते ते तू जाणतेस. तिसऱ्या टेबलावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. तिने दुसरी पेन्सिल उचलेपर्यंत तू एक श्वास लांबवलास. चार सेकंद. परीक्षक खिडकीबाहेर बघत होते. माझ्या हातात स्टॉपवॉच नसतं तर मलाही कळलं नसतं. उतारा रद्द झाला, अठरा जणींना नवा लिहावा लागला, आणि तो सांगायला तू थांबली नाहीस. कागद टेबलावर उलटा ठेवलास, पर्स उचललीस आणि गेलीस. नवा उतारा मी सांगितला. पाच जणी नापास झाल्या आणि त्या माझ्या डिक्टेशनमुळे झाल्या, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणखी एक सांगितलेलं नाही. हात वर करताना माझ्या मनात नियम नव्हता. अठरा पेन्सिली तुझ्या आवाजाबरोबर एकदम हलत होत्या, एकदम थांबत होत्या, आणि मला वाटलं, या खोलीत मीही आहे हे कुणाच्या ध्यानात तरी आहे का. तेवढ्यासाठी मी तुला सगळ्यांदेखत थांबवलं. ती शिवणकामवाली तुझ्या उताऱ्यात पास झाली असती की नाही कोण जाणे; ती नापास झालेल्या पाचांत होती. मी चुकले. हे मी तुला दुसऱ्याच दिवशी येऊन सांगायला हवं होतं. तुझ्या गल्लीच्या टोकापर्यंत आले होते, तिथून परतले.

या वेळी परतायचं नाही असं ठरवलं. मंगळवारी मी ड्रायव्हरबाईंच्या मार्गाच्या पहिल्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले, चढले आणि त्यांच्या मागच्याच सीटवर बसले. मनात वाक्य तयार होतं. समोर पाटी होती: वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. मला पाट्या मोडता येत नाहीत. तेव्हा पूर्ण पन्नास मिनिटं मी त्यांच्या मानेकडे बघत बसले आणि त्या आरशातून माझ्याकडे. शेवटचा स्टॉप आला, सगळे उतरले, त्यांनी इंजिन बंद केलं, थर्मास काढला आणि म्हणाल्या, "बोला, आता गाडी उभी आहे." मी म्हटलं, माझं चुकलं, शनिवारी या, मी थांबवणार नाही. म्हणाल्या, "आणि चूक झाली तर?" मी म्हटलं, तर होऊ दे. त्यांनी मला झाकणात चहा दिला आणि बराच वेळ हसत होत्या. "हे तुम्ही म्हणताय, मॅडम? लिहून द्या." मी तिकिटाच्या मागे लिहून दिलं, सही करून. परतीच्या फेरीत त्यांनी मला पुढची खिडकीची जागा दिली आणि वाटेत शाळेच्या स्टॉपवर हात हलवणारा तो म्हातारा दाखवला. मीही हात हलवला.

शनिवारी त्या आल्या. मी वेग ब्याण्णववर लावला आणि त्यांनी त्याच ओळी पहिल्यापासून धरल्या. म्हातारा स्टॉपवर उभा राहिला, बस आली, आणि नेमकी तेव्हा माझ्या हातून पुन्हा चूक झाली, आणि या वेळची साधी नव्हती. नवीन ओळी टाइप करताना मी स्लीप लिहायचं विसरले. बटण दाबलं आणि ठेका आपला आपणच बंद पडला. मी थांबवला नव्हता, हे मी तिथल्या तिथे शपथेवर सांगितलं असतं. पण ड्रायव्हरबाई थांबल्याच नाहीत. ओळ चालूच. लिफ्टवाल्याने टेबलावर मूठ आपटायला सुरुवात केली, ब्याण्णवच्या वेगाने, अगदी मोजून. पावभट्टीवाल्याने टाळी धरली, सिस्टरने चमच्याने कप, भाचीने दोन बोटांनी टेबल. आपली चौदा टेबलं, एकशेवीस, पुन्हा खडखडायला लागली. मी पडद्यावर चूक शोधली, शब्द घातला, आणि बटणावर बोट ठेवून थांबले. एक, दोन, तीन, चार, आणि "एक"वर दाबलं. ठेका त्यांच्या मुठींखाली असा येऊन बसला की कुठे सांधा दिसेना. म्हातारा हात हलवत मागे पडला, बस वळली, ओळ संपली. पुढची पाच मिनिटं कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं, सगळे एकदम बोलत होते आणि मी त्यांच्याहून मोठ्याने. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मला कळलं की चूक होऊनही पान पूर्ण करता येतं. उशीर झाला, पण कळलं.

आता मूळ कारणाकडे येते. तीन आठवड्यांपूर्वी भाची एक वायर शोधायला कपाटात शिरली आणि चपलांचं एक खोकं घेऊन बाहेर आली. आत अकरा कॅसेट, त्यावर तुझ्या अक्षरात साठ, ऐंशी, शंभर, एकशेवीस. तू रजेवर जायचीस तेव्हा मुलींचा सराव बुडू नये म्हणून भरून ठेवायचीस, त्या. लिफ्टवाल्याने सासऱ्यांकडून कॅसेट प्लेअर आणला, कॉम्प्युटरला जोडला, आणि तू आलीस. "उतारा क्रमांक चौदा. तयार. सुरू." आणि मग उपरोक्त विषयान्वये पाणीपुरवठा विभागाच्या पंपांची देखभाल, मिनिटाला एकशेवीस शब्दांनी, एकही अक्षर न सांडता. पाचही जण हलले नाहीत. ड्रायव्हरबाई म्हणाल्या, "ही बाई श्वास कुठे घेते?" भाचीने तुझा आवाज ठेक्यावर ठेवला, तर कुठेही ओढावा लागला नाही की कापावा लागला नाही. ढोल, टाळी आणि वर तू, पंपांच्या वार्षिक तपासणीसह. सिस्टर म्हणते, तिने आजवर ऐकलेला हा सगळ्यात कडक रॅप आहे. पावभट्टीवाला तर कामावर "उपरोक्त विषयान्वये" म्हणत पीठ मळतो. आता दर शनिवारी पहिला प्रश्न असतो की उतारा चौदा लावायचा का, आणि दुसरा, की ही बाई सध्या कुठे असते.

मी म्हटलं, लावा की, कॅसेट आपल्याच कपाटातली आहे. भाची म्हणाली, "कॅसेट आपली आहे, आवाज तिचा आहे. ज्यांनी सॉफ्टवेअर दिलं त्यांनी वापरा म्हणून लिहून दिलंय. तिने दिलंय का?" तोपर्यंत कुणी ऐकवायचं नाही, रेकॉर्ड करायचं नाही, असं तिने मला बजावलं, मला, फुटपट्टीला. तेव्हा हे पत्र परवानगीसाठी आहे. पण सगळ्यांना जी जागा सगळ्यात जास्त हवी आहे ती उताऱ्यातली नाही. उतारा संपल्यावर तू टेप बंद करायला विसरली होतीस. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, मग मशीनची टिंग, मग तू म्हणतेस, "हलू नकोस, चष्म्याची दोरी रोलरमध्ये गेलीय तुझी." आणि त्यानंतर पूर्ण वीस सेकंद दोन बाया हसताहेत, थांबवू म्हटलं तरी थांबता येत नाही असं. भाचीने ते तीनदा लावलं आणि विचारलं, "मावशी, ही दुसरी कोण गं?" मी सांगितलं. तिने ते चौथ्यांदा लावलं. तिने मला तसं हसताना कधी ऐकलेलं नाही. नियम असा आहे की दोन आवाज असतील तर दोघींची सही लागते आणि एकीची दुसरीला करता येत नाही. माझ्या हसण्याची परवानगी मी काल लिहून दिली. तुझ्या हसण्याची तुझ्याकडे आहे. कागद सोबत जोडला आहे, सही करून टपालाने पाठवलीस तरी मी समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही. पण शनिवारी चारला स्वतः आलीस तर सांगून ठेवते, माईकचा स्टँड मी तुझ्या उंचीला लावून ठेवला आहे. मागच्या शनिवारी पाचही जण वाकून बोलले आणि एकानेही तो वर केला नाही.

तुझीच,
फुटपट्टी